काळ्या दगडातलं तांबं, पांढऱ्या दगडातली खाण

१९०० सालच्या उन्हाळ्यात अलास्कातल्या रँगेल पर्वतात क्लॅरन्स वॉर्नर आणि जॅक स्मिथ हे दोघे खनिजांच्या शोधात हिंडत होते. केनिकॉट हिमनदीच्या वरच्या अंगाला, उघड्याबोडक्या कड्यावर त्यांना एक हिरवागार पट्टा दिसला. घोड्यांना चरायला कुरण सापडलं, असं त्यांना आधी वाटलं म्हणतात. वर जाऊन पाहिलं तर गवताची काडीसुद्धा नव्हती. तो सगळा हिरवा रंग दगडाचाच होता. या पट्ट्यातून पुढे केनेकॉटच्या खाणी निघाल्या. १९११ ते १९३८ या काळात त्यांनी सुमारे ५ लाख ३६ हजार टन तांबं आणि २८० टनांच्या घरात चांदी दिली, आणि मग एका हिवाळ्याच्या तोंडावर सगळं गाव रिकामं झालं.

केनेकॉटबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिथल्या लाल रंगाच्या चौदा मजली गिरणीबद्दल आणि ओसाड गावाबद्दल लिहितात. ते लिहिण्यासारखं आहेच. पण या खाणीचा दगड माणसांच्या गोष्टीपेक्षा कमी रंजक नाही, आणि मराठी वाचकाला तर तो अर्धाअधिक ओळखीचा निघेल. कारण केनेकॉटचं तांबं ज्या खडकातून आलं, तो आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बसाल्ट आहे.

हिरवा डाग कशाचा?

कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट ताक ठेवलं की जो हिरवा कळंक चढतो, त्याच घराण्यातला तो रंग. तांब्याच्या खनिजावर हवा, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांची क्रिया होऊन मॅलाकाइट हे हिरवं आणि ॲझुराइट हे निळं कार्बोनेट तयार होतं. हा थर सहसा वरवरचा असतो. खाली काय आहे, ते खणल्याशिवाय कळत नाही, आणि बऱ्याचदा खाली फारसं काही नसतंही.

इथे मात्र खाली कॅल्कोसाइट होतं. तांबं आणि गंधक यांचं हे खनिज. वजनाने पाहिलं तर त्यात जवळजवळ ८० टक्के तांबंच असतं. ताजा तुकडा फोडला की पोलादी करडा दिसतो, उघड्यावर राहिला की काजळी धरल्यासारखा काळवंडतो. इतका मऊ, की चाकूने ओरखडा सहज उठतो. हातात घेतला की मात्र दचकायला होतं, कारण तेवढ्याच आकाराच्या बसाल्टच्या जवळजवळ दुप्पट वजन भरतं. आजच्या मोठ्या खाणींमध्ये दगडात एक टक्का तांबं असलं तरी धंदा उत्तम चालतो, अनेक ठिकाणी तर त्याहून कमीवर चालतो. केनेकॉटच्या सगळ्या मालाची सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास होती आणि काही ठिकाणी शिरेतला धोंडा ७० टक्क्यांपर्यंत जात होता. हा माल गिरणीत न घालता नुसता पोत्यांत भरून पाठवला तरी चालण्यासारखा होता, आणि काही काळ तसाच पाठवलाही गेला.

आधीपासून माहीत असलेले लोक

वॉर्नर आणि स्मिथ यांनी तांबं ‘शोधलं’ असं म्हणायची पद्धत आहे. पण त्या खोऱ्यातले आत्ना लोक पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यांतून मिळणारे तांब्याचे शुद्ध गोळे ठोकून सुऱ्या आणि बाणांची टोकं करत होते. १८९९ साली आत्ना प्रमुख निकोलाय याने अन्नधान्याच्या बदल्यात गोऱ्या लोकांना तांब्याची एक जागा दाखवली. त्याच वर्षी ऑस्कर रोन या शोधप्रवाशाने हा भाग पायी पाहिला आणि हिमनदीने वाहून आणलेल्या गाळदगडांत कॅल्कोसाइटचे तुकडे नोंदवले. म्हणजे वर कुठेतरी मूळ जागा आहे, हे दिसतच होतं. खालच्या काळ्या खडकाला निकोलाय ग्रीनस्टोन आणि वरच्या चुनखडकाला चिटिस्टोन ही नावंही रोन यानेच दिली. केनेकॉटचं सगळं कोडं या दोन खडकांच्या मधल्या रेषेवर आहे.

तळाशी लाव्ह्याचं पठार

सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळात, समुद्रातल्या एका जुन्या ज्वालामुखी बेटमाळेवर लाव्ह्याचे पूर यायला लागले. सुरुवातीचे थर पाण्याखाली थिजले. मग ढीग वाढत वाढत पाण्याबाहेर आला आणि पुढचा बहुतेक लाव्हा उघड्यावर पसरला. एकावर एक थर साचून रँगेल पर्वताच्या भागात हा बसाल्ट तीन किलोमीटरपेक्षाही जाड झाला. हे सगळं भूशास्त्राच्या हिशेबाने फार झटपट, काही दशलक्ष वर्षांतच उरकलं.

सह्याद्रीचा घाट चढताना कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात, ती दख्खनच्या लाव्ह्याची रचना आपल्या डोळ्यांना सवयीची आहे. निकोलायचा बसाल्ट त्याच जातीचा, फक्त वयाने तिपटीहून मोठा. थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांनी केलेल्या पोकळ्या दोन्हीकडे आहेत. आपल्याकडे जळगाव, नाशिक, वाघोलीच्या खाणींत या पोकळ्यांमध्ये झिओलाइटचे देखणे स्फटिक सापडतात. निकोलायच्या पोकळ्यांत क्लोराइट, एपिडोट अशी हिरवट खनिजं आहेत आणि अधूनमधून चक्क शुद्ध तांबं. या हिरवट खनिजांमुळेच त्याला ग्रीनस्टोन म्हणतात. खोल गाडला जाऊन तापल्याची ती खूण, आणि ही खूण पुढे महत्त्वाची ठरते.

या बसाल्टमध्ये तांबं किती? दशलक्ष भागांत साधारण दीडशे भाग. म्हणजे एक टन दगडात दीडशे ग्रॅम. कुणी खाण काढावी असं हे प्रमाण मुळीच नाही.

माथ्यावर खाऱ्या किनाऱ्याचा चुनखडक

लाव्हा थांबला, पठार हळूहळू खचू लागलं आणि त्यावर उथळ, कोमट समुद्र चढला. त्यात शेकडो मीटर जाडीचा चिटिस्टोन चुनखडक साचला. आज कड्याकडे लांबून पाहिलं तर खाली गडद हिरवट-काळा आणि वर फिका, पांढुरका असे दोन रंग चाकूने कापल्यासारखे वेगळे दिसतात.

या चुनखडकाचा अगदी तळचा भाग निराळा आहे. १९६० ते १९८० च्या दशकांत अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे ऑगस्टस आर्मस्ट्राँग आणि एडवर्ड मॅकेव्हेट यांनी तो बारकाईने तपासला. त्यांना त्यात शेवाळाच्या चटयांचे ठसे, सुकून तडकलेला चिखल, जिप्समच्या स्फटिकांच्या जागा आणि डोलोमाइट मिळालं. असं मिश्रण आज अबुधाबीच्या किनाऱ्यावर तयार होताना दिसतं. भरतीचं पाणी सपाट किनाऱ्यावर पसरतं, उन्हाने आटतं आणि मागे मीठ व जिप्सम ठेवून जातं. अशा किनाऱ्याला अरबी नावानेच, सबखा, असं म्हणतात. आज जिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, तिथल्या कड्यात आखाती उन्हाचा किनारा गाडलेला आहे.

ही नुसती गंमत नाही. जिप्सममध्ये गंधक असतं. शेवाळाच्या चटयांमध्ये सेंद्रिय द्रव्य असतं. आणि चुनखडकाचं डोलोमाइट होताना त्यात पाणी शिरेल अशी छिद्रं तयार होऊ शकतात. या तिन्ही गोष्टी एकाच तळच्या पट्ट्यात होत्या.

विषुववृत्ताकडून अलास्कात

आखाती ऊन ६१ अंश उत्तरेला कसं आलं? खडक थिजताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत कायमचे अडकतात, आणि त्यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते काढता येतं. जॉन हिलहाउस यांनी निकोलाय बसाल्टची अशी मोजणी केली, तेव्हा तो विषुववृत्तापासून फार लांब जन्मलेला नाही, असं निघालं. १९७७ साली जोन्स, सिल्बर्लिंग आणि हिलहाउस यांनी या भटक्या भूतुकड्याला रँगेल पर्वतावरून ‘रँगेलिया’ असं नाव दिलं. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर आणि हायडा ग्वाई बेटांवर याच तुकड्याचे भाग आहेत. प्रशांत महासागराच्या तळाबरोबर सरकत सरकत तो उत्तर अमेरिकेला येऊन चिकटला. या धक्क्यात थर दुमडले, फाटले आणि खोल दाबले गेले.

तांबं सुटलं कसं आणि थांबलं का

इथून पुढे मुख्य गोष्ट. मॅकेव्हेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली या खाणींवर जो मोठा शोधनिबंध लिहिला, त्यात मांडलेली आणि बहुतेकांना आज पटलेली कल्पना अशी.

बसाल्ट खोल गाडला गेला तेव्हा तापमान आणि दाब वाढून त्यातली मूळ खनिजं बदलू लागली. दगड हिरवा झाला तो याच वेळी. जुन्या खनिजांच्या जाळ्यात अडकलेलं थोडं थोडं तांबं या बदलात सुटं झालं. खडकातून फिरणारं पाणी गोडं नव्हतं, चांगलंच खारट होतं. साध्या पाण्यात तांबं फारसं विरघळत नाही. पण मिठातल्या क्लोराइडशी जोडी जमली की ते विरघळून दूरवर प्रवास करू शकतं. अट एकच, वाटेत गंधकाची गाठ पडता कामा नये. गंधक भेटलं की तांबं जागच्या जागी सल्फाइड होऊन खाली बसतं.

बसाल्टमध्ये गंधक फार नव्हतं, त्यामुळे तांबं वाहत राहिलं. जिथे भेगा होत्या तिथून हे गरम खारं पाणी वर चढलं आणि काळ्या दगडाची हद्द ओलांडून पांढऱ्यात शिरलं. तिथे सबखाच्या थरातलं जिप्सम होतं. सेंद्रिय द्रव्याने जिप्सममधल्या गंधकाचं रूप पालटून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, आधीच तयार करून ठेवला होता. तांब्याला आता पुढे जायला वावच उरला नाही. ते चुनखडकाच्या भेगांत आणि पोकळ्यांत साचलं, खुद्द चुनखडकाला हळूहळू विरघळवून त्याच्या जागी बसलं. बसाल्टमधल्या बदलाच्या खनिजांचं वय पोटॅशियम-अर्गॉन पद्धतीने काढलं, तर ते सुमारे ११ कोटी वर्षं येतं, आणि तांबं साचण्याचा काळही तोच धरला जातो. म्हणजे लाव्हा थिजल्यावर तांबं हलायलाच जवळजवळ १२ कोटी वर्षं गेली.

मिशिगन राज्यातल्या किविनॉ द्वीपकल्पाशी ताडून पाहिलं की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. तिथेही जुना बसाल्ट आहे, तिथेही गरम पाण्याने तांबं हलवलं. पण वाटेत पुरेसं गंधक नव्हतं. म्हणून तिथलं तांबं लाव्ह्याच्या पोकळ्यांत आणि गोट्यांच्या थरांत शुद्ध धातू म्हणूनच राहिलं.

थोडं गणित

केनेकॉटमधून निघालेलं ५ लाख ३६ हजार टन तांबं बसाल्टमधून यायला किती दगड लागला असेल? टनाला दीडशे ग्रॅम धरले आणि त्यातलं निम्मंच सुटलं असं मानलं, तर सातशे कोटी टनांपेक्षा थोडा जास्त दगड लागतो. घनफळात हे अडीच घन किलोमीटर होतं. आकडा छाती दडपणारा वाटतो, पण निकोलायच्या पठारात असे हजारो घन किलोमीटर आहेत. तांब्याची तिथे कधीच टंचाई नव्हती. ते एका जागी अडवणाऱ्या दगडाची टंचाई होती, आणि खाण त्या अडवणाऱ्या दगडात झाली.

शीर खाली रुंद, वर निमुळती

खाणकामगारांना आत जे दिसलं ते या कहाणीशी जुळतं. बोनान्झा, जंबो, मदर लोड, ईरी या खाणींतल्या शिरा ईशान्य-नैर्ऋत्य दिशेच्या उभ्या भेगांना धरून होत्या. प्रत्येक शीर पाचरीसारखी, तळाशी रुंद आणि वर जाताना निमुळती. तळ बहुधा थरांना समांतर गेलेल्या एका सपाट विभंगावर टेकलेला, बसाल्टच्या माथ्यापासून थोडा वर. शीर खाली बसाल्टमध्ये उतरत नव्हती. खाली खणत गेलं की माल वाढेल, या आशेवर कित्येक खाणवाले बुडाले आहेत. इथे काळा दगड लागला की थांबायचं, हा नियम लवकरच कळला.

आणखी एक लक्षात येण्यासारखी गोष्ट म्हणजे पायराइटचा, लोह-गंधकाच्या सोनेरी खनिजाचा, जवळपास अभाव. तांब्याच्या बहुतेक खाणींत ते ढिगांनी असतं. इथे लोह बहुतेक करून बसाल्टमध्येच ऑक्साइडच्या रूपात अडकून राहिलं आणि पाण्याबरोबर तांबं तेवढं वर आलं.

चांदी

केनेकॉटला ‘तांबं आणि चांदीची खाण’ म्हणतात, पण चांदीची शीर म्हणून तिथे काही नव्हतं. चांदी कॅल्कोसाइटच्या स्फटिकातच तांब्याच्या काही अणूंची जागा घेऊन बसलेली होती. डोळ्यांना दिसत नव्हती. तांबं गाळलं की ती मागोमाग निघायची. माल आगगाडीने कॉर्डोव्हा बंदरात आणि तिथून जहाजाने वॉशिंग्टन राज्यात टकोमाच्या भट्टीकडे जायचा, तिथे हा हिशेब व्हायचा. एकूण उत्पादनावरून काढलं तर दर टन तांब्यामागे अर्धा किलो चांदी पडते.

आता बसाल्टकडे पाहू. सर्वसाधारण बसाल्टमध्ये दशलक्ष भागांत चांदी ०.१ च्या आसपास असते. तांबं दीडशे धरलं तर तांब्याला चांदीचं प्रमाण दीड हजाराला एक. खाणीतलं प्रमाण १९०० ला एक. हे ढोबळ गणित आहे, पण दोन आकडे इतके जवळ यावेत हे बोलकं आहे. चांदीलाही खाऱ्या पाण्यातलं क्लोराइडच लागतं आणि तीही गंधकापाशीच थांबते. ती तांब्याबरोबरच निघाली, बरोबरच आली आणि बरोबरच बसली.

आधीचं की नंतरचं?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिकांचा सर्वसाधारण समज असा होता, की कॅल्कोसाइट हे ‘दुसऱ्या हप्त्यातलं’ खनिज. खाली साधं, कमी प्रतीचं सल्फाइड असतं. पावसाचं पाणी मुरत जातं, वरचं तांबं खाली नेतं आणि तिथे श्रीमंत कॅल्कोसाइटचा थर होतो. बऱ्याच खाणींत हे खरंही आहे. मग केनेकॉटला त्या श्रीमंत थराखाली कमी प्रतीचा माल असायला हवा होता. तो सापडेना.

येल विद्यापीठातले ॲलन बेटमन आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड मॅक्लॉफ्लिन यांनी १९२० साली मांडलं, की इथलं कॅल्कोसाइट मूळचंच आहे, खोलातून आलेल्या पाण्याने थेट ठेवलेलं. तपशील पुढे पुष्कळ बदलले, गरम पाणी कुठून आलं याबद्दलची मतंही बदलली, पण हा गाभा टिकला. मधल्या काळात हेही कळलं, की ज्याला सगळे कॅल्कोसाइट म्हणत होते त्यातला बराचसा भाग जुर्लाइट या अगदी जवळच्या खनिजाचा आहे. खाणवाल्यांना त्याने काही फरक पडला नाही.

बर्फाचा वाटा

तांबं साचल्यावरही डोंगर उचलला जात राहिला, आणि मग हिमनद्यांनी तो तासला. कड्याचा पोटातला भाग उघडा पडला नसता तर तो हिरवा पट्टा कुणाला दिसलाच नसता. बोनान्झाची शीर सुमारे ६००० फुटांवर एका अरुंद कण्यावर उघडी पडली होती. तिचे तुटून पडलेले तुकडे खालच्या गोठलेल्या दगडगोट्यांत मिसळले, आणि तिथेच ग्लेशियर नावाची पाचवी खाण निघाली. ती खाण कसली, श्रीमंत धोंड्यांचा गोठलेला ढिगारा. उन्हाळ्यात बर्फ सैल झाल्यावरच तिथे काम चालायचं.

बर्फाने आणखी एक काम केलं. वरच्या भागात जमीन बारमाही गोठलेली असल्यामुळे पाणी मुरत नव्हतं, आणि पाण्याशिवाय कॅल्कोसाइट कुजत नाही. हिमयुगाआधी जे काही हिरवंनिळं झालं तेवढंच. बाकीचं जसंच्या तसं राहिलं.

दगडाने ठरवलेली गिरणी

खाणी वर, गिरणी चार हजार फूट खाली. मधे पाच किलोमीटरच्या घरातले तारेवरचे झुलते मार्ग. माल उतरायचा आणि त्याच्या भाराने रिकाम्या बादल्या वर जायच्या. स्टीफन बर्च या तरुण अभियंत्याने हक्क विकत घेतले. गुगेनहाइम कुटुंब आणि जे. पी. मॉर्गन यांच्या गटाने पैसा ओतला. कॉर्डोव्हापासून ३१५ किलोमीटरची रेल्वे १९११ मध्ये पूर्ण झाली. हा भाग इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे, तेव्हा इथे आवरता घेतो.

गिरणीतली एक गोष्ट मात्र थेट दगडाशी जोडलेली आहे. कॅल्कोसाइट जड असल्याने पाण्यात हलवून वेगळं करता येत होतं. पण मॅलाकाइट आणि ॲझुराइट चुनखडकाच्या चुऱ्याबरोबर वाहून जायचे. असं तांबं विरघळवून काढायचा नेहमीचा मार्ग सल्फ्युरिक आम्लाचा. इथे तो अशक्य होता, कारण आम्ल आधी चुनखडकावरच फसफसून संपलं असतं. तेव्हा गिरणीच्या अधीक्षकपदावरच्या ई. टॅपन स्टॅनर्ड यांनी अमोनिया वापरायचा ठरवला. अमोनिया चुनखडकाला हात लावत नाही, तांब्याचं कार्बोनेट मात्र विरघळवतो. मग द्रावण तापवलं की अमोनिया उडून परत गोळा होतो आणि तांबं मागे राहतं. १९१६ च्या सुमारास हा कारखाना चालू झाला आणि आधी टाकून दिलेल्या गाळातूनही तांबं निघू लागलं.

१९३८

शिरांना तळ होता, हे वर आलंच. सत्तर मैलांच्या आसपास बोगदे खणून झाल्यावर तो तळ सगळीकडून दिसू लागला. तांब्याचा भाव मंदीत कोसळला होता, रेल्वेमार्ग पुरांनी वारंवार मोडत होता. एकामागून एक खाणी मिटल्या आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये शेवटची गाडी सुटली. तोवर २० कोटी डॉलरपेक्षा जास्त किमतीचा माल निघाला होता. कंपनी बुडाली वगैरे काही नाही. १९१५ साली स्थापन झालेल्या केनेकॉट कॉपर कॉर्पोरेशनने याच पैशातून युटामधल्या बिंगहॅम कॅनियनसारख्या प्रचंड खाणीत जम बसवला होता. तिथला दगड एक टक्क्याच्या आसपासचा, पण संपता संपत नाही असा.

मग सह्याद्रीत का नाही?

दख्खनच्या बसाल्टमध्येही तांबं दशलक्षात शंभर-दोनशे भाग असतं, निकोलायच्या तोडीचं. तरी महाराष्ट्रात बसाल्टमधून तांब्याची खाण नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे तांबं आहे, शेजारी मध्य प्रदेशात मलाजखंडची मोठी खाण आहे, पण दोन्हीकडचे खडक दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुने आणि वेगळ्या जातीचे.

कारण वर येऊन गेलंच आहे. केनेकॉटला काळ्यावर पांढरा दगड आहे. आपल्याकडे तो क्रम उलटा. यवतमाळ-चंद्रपूरकडे पैनगंगेचा चुनखडक, नागपूर परिसरातले लॅमेटा थर, हे सगळे लाव्ह्याच्या खाली आहेत. लाव्ह्याच्या डोक्यावर समुद्र चढला नाही, जिप्सम साचलं नाही. वर जे झालं ते पावसाळ्यांनी कुजून झालेला जांभा. शिवाय आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा, त्या मानाने तरुण, आणि तो कधी फार खोल गाडला गेलाच नाही. पोकळ्यांत झिओलाइट टिकून आहेत, हाच त्याचा पुरावा. फार तापलं असतं तर ते बदलून गेले असते. तांबं ज्या दगडात आहे तिथेच आहे, टनाला दीडशे ग्रॅम, घाटाघाटांतून वाटलेलं.

आज तिथे

केनेकॉट आता रँगेल-सेंट इलायस राष्ट्रीय उद्यानात आहे. गिरणीपाशी उभं राहिलं की समोर खोरंभर करड्या दगडमातीची टेकाडं दिसतात. नवखा माणूस हमखास म्हणतो, काय हा खाणीचा कचरा! खाणीचा त्यात संबंध नाही. ती केनिकॉट हिमनदीच आहे, वर गाळदगडांची चादर आणि खाली बर्फ. गाव वसलं तेव्हा हा बर्फ इतका उंच होता, की पलीकडची बाजू दिसत नव्हती.

खरा कचरा, म्हणजे गिरणीचा गाळ, गावाच्या पायथ्याशी आहे आणि मुख्यतः चुनखडकाचा चुरा आहे. जगातल्या बहुतेक सोडलेल्या तांब्याच्या खाणींची मोठी डोकेदुखी म्हणजे पायराइट हवा-पाण्याने कुजून तयार होणारं आम्ल. ते धातू विरघळवत ओढ्यांत उतरतं आणि ओढा नारिंगी होतो. केनेकॉटला पायराइट जवळपास नव्हतंच, आणि थोडंफार आम्ल झालं तरी ते मुरवायला चुनखडकाचा अख्खा डोंगर आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने इथल्या ओढ्यांचं आणि खाणींतून झिरपणाऱ्या पाण्याचं पृथक्करण केलं, तेव्हा ते आम्लधर्मी नव्हे तर किंचित अल्कधर्मी निघालं, आणि त्यातलं धातूंचं प्रमाणही कमीच होतं.